खालची कड

माझ्या व्याह्यांबद्दल मी आजवर कुणाकडे वाईट शब्द काढलेला नाही. काढला असेल तर तो फक्त बायकोकडे, आणि बायकोकडे बोललेलं धरायचं नसतं. माणूस सज्जन आहे, मी नाही म्हणत नाही. हवामान वेधशाळेत तीस वर्षं होते, पाऊस मोजायचे. मोजायचे म्हणजे पडून गेलेला. नळीत किती पाणी जमलं ते बघायचं, वहीत लिहायचं, नळी ओतून द्यायची आणि घरी जायचं. वाईट काय आहे त्यात? काहीच नाही. पण पाऊस मोजता आला म्हणजे तो अडवताही येतो असं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

"अहो, पोटात दुखतंय तुमच्या," आमची ही म्हणाली.

"माझ्या कशाला दुखेल?"

"मग चेहरा का असा एरंडेल प्यायल्यासारखा?"

दुखत होतं. खोटं कशाला बोलू? माझ्या मुलीने नोकरी सोडून बियाण्यांचा उद्योग सुरू केला होता. घराच्या मागच्या बागेत भाज्या आणि फुलं लावायची, त्यांचं बी धरायचं, वाळवायचं, निवडायचं आणि पाकिटात भरून लोकांना द्यायचं. घरात जागा पुरेना, म्हणून बागेत प्लायवूडची शेड उभी करायचं ठरलं. आणि ती कोण उभी करणार, तर तिचे सासरे. रंगसुद्धा तेच देणार. अहो, मी चाळीस वर्षं रंगकाम केलं. चौदा रंगाऱ्यांचा मुकादम होतो. शाळा रंगवल्या, दवाखाने रंगवले, पाण्याच्या टाक्या रंगवल्या. आणि माझ्या पोटच्या पोरीच्या शेडला रंग कोण देणार? पाऊस मोजणारा!

मला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. "अप्पा, रंग कुठला घेऊ?" असं फोनवर विचारलं. मी सांगितलं. मग ती म्हणाली, "बरं, आता तुम्ही आराम करा. बाबा करतील सगळं." दोन वर्षांपूर्वी मी शिडीवरून पडलो होतो. दुसऱ्याच पायरीवरून, फार वरून नाही, पण गुडघा गेला तो गेलाच. तेव्हापासून घरातलं जो तो मला आराम कर म्हणून सांगतो. आराम करून करून मी दमलो होतो.

आणि ते 'बाबा'. मी अप्पा आणि ते बाबा. सासऱ्याला बाबा म्हणायचं असतं, त्यात वावगं काही नाही, हे मला कळतं. विधुर माणूस, मुलगा-सून हेच त्यांचं घर, हेही कळतं. पण कळणं वेगळं आणि बागेत खुर्चीवर बसून ऐकणं वेगळं. आम्ही दर रविवारी जायचो. मला खुर्ची मिळायची, हातात चहाचा कप मिळायचा आणि समोर ते दोघं. व्याहीबुवा स्टुलावर उभे, डोळ्याला जाड चष्मा, खिशात माहितीची छापील पुस्तिका. खाली माझी मुलगी स्क्रूचा डबा धरून.

"बाबा, सावकाश हं."

"ठिपकी, तो लांबवाला दे गं."

ठिपकी! ते नाव मी ठेवलेलं. लहानपणी सुट्टीत ती माझ्याबरोबर कामावर यायची आणि सकाळी अकरापर्यंत तिच्या नाकावर रंगाचा ठिपका पडलेला असायचा. चौदाही रंगारी तिला ठिपकी म्हणायचे. लग्नात मी मुलगी दिली, नाव दिलं नव्हतं. माझ्या हातातला चहा गार झाला तरी मी तो प्यायलो नाही.

कामावर तिचं एक ठरलेलं काम असायचं, आरसा धरायचं. दाढीचा जुना गोल आरसा मी एका काठीला बांधून ठेवला होता. दरवाजाची समोरची बाजू कुणीही रंगवतो. खालची कड, जी जमिनीकडे असते आणि कुणाला दिसत नाही, ती शंभरातले नव्वद रंगारी तशीच सोडतात. आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. प्लायवूड तर जास्तच, कारण त्याचे थर कडेलाच उघडे असतात. ठिपकी तो आरसा दरवाजाखाली सरकवायची, वाकून बघायची आणि ओरडायची, "अप्पा, इथे राहिलंय!" मोठमोठे रंगारी त्या एवढ्याशा पोरीला टरकून असायचे.

मग मी हात पाठीमागे बांधून एक फेरी मारायचो. चूक दिसली की बोलायचो, आणि असा बोलायचो की चार घरं पलीकडे ऐकू जावं. चूक नसली तर काही बोलायचो नाही. शाबासकी-बिबासकी माझ्याकडे नव्हती. मुकादम गप्प, काम पास. माणसं तेवढ्यावर खूश होऊन ब्रश धुवायला घ्यायची.

शेड उभी राहिली. त्या रविवारी मी गेलोच नाही, गुडघ्याचं निमित्त केलं. नंतर रंग सुरू झाला आणि मुलीचे फोन येऊ लागले. "अप्पा, एकदा या ना. फेरी मारून जा. तुम्ही बघितलं की मग सामान आत लावते." मला वाटलं, लहान मुलाला गप्प करायला हातात खुळखुळा द्यावा तसं आपल्याला फेरी मारायला बोलावतायत. तरी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला!

सरळच सांगतो, काम चांगलं होतं. मी मनात म्हणत होतो, तेरड्याचा रंग तीन दिवस, बघू. पण बोट फिरवलं तर फिनिशिंग माझ्या बऱ्याच माणसांपेक्षा बरं. प्रायमर व्यवस्थित बसलेला, वर बाहेरच्या रंगाचे दोन हात. फळ्यांच्या जोडात सीलंट भरून बोटाने सफाईदार दाबलेलं. स्क्रूची डोकीसुद्धा बुजवलेली. छप्पर भिंतीच्या पुढे वीतभर काढलेलं, म्हणजे पागोळ्या लांब पडाव्यात. मी एकेक बघत होतो आणि एकेक गोष्ट बरी निघाली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. चूक सापडावी म्हणून मी इतक्या आशेने कधी काही शोधलं नव्हतं.

"आरसा नाही आणला?" मुलीने हसत विचारलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मी म्हणालो.

मागच्या बाजूला गेलो. तिथे शेड आणि कुंपणाची भिंत यांच्यात जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ होती. मी चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करून गुडघा सांभाळत वाकलो. खांबांना ठोकलेली फळी खालच्या फरशीपासून दोन बोटं वर होती. त्या फटीत मी बोट घातलं आणि कडेवरून फिरवलं.

कोरी. बोटाला कुसळ लागलं. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा बघितलं, तिथेही कोरी. त्यांनी फळ्या आधी उभ्या केल्या आणि रंग मग दिला. खालची कड रंगवायची ती फळी आडवी असताना, उभी करायच्या आधी. पुस्तिकेत ते लिहिलं नसणार. किंवा लिहिलं असेल आणि यांनी पान उलटलं असेल.

एक शब्द पुरला असता. "खाली राहिलंय." दोन शब्द. बास.

बाहेर आलो तर व्याहीबुवा फडक्याला हात पुसत उभे होते. त्यांच्या नाकावर रंगाचा ठिपका. आणि माझी मुलगी पदराला... नाही, पदर कुठला, शर्टाच्या बाहीला थोडं तेल लावून त्यांच्या नाकावरचा तो ठिपका पुसत होती. "बाबा, हलू नका हो," म्हणत होती.

"काय मुकादमसाहेब?" त्यांनी विचारलं. "कसं काय वाटलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं, शेडकडे बघितलं आणि म्हणालो, "चहा झाला का?"

मुलीने त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि दोघं हसले. माझ्यावरच हसतायत, असं मला वाटलं. हसा म्हटलं. पाऊस येऊ दे. मी मूग गिळून घरात गेलो आणि दोन कप चहा प्यायलो.

नंतरचे सहा आठवडे मी कसा वागलो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. रविवारी जाणं गुडघ्याच्या निमित्ताने बंद केलं. पाऊस लागला की मी खिडकीत. वाऱ्याने सरी आडव्या पडल्या की मी खूश. फरशीवरून उडालेलं पाणी त्या कोऱ्या कडेवर बसत असेल, थर फुगत असतील, रंगाला फोड येत असतील, हे सगळं मला घरबसल्या दिसायचं. मग फोन येईल. "अप्पा, बाबांना काही कळत नाही हो, तुम्हीच या," असं ती म्हणेल. मी जाईन, आरसा काढीन आणि न बोलता खालची कड दाखवीन. या प्रसंगाची मी मनात इतकी तालीम केली होती की व्याहीबुवांनी मान कुठल्या बाजूला खाली घालायची तेही ठरलेलं होतं.

"पाऊस बघून इतका आनंद?" ही म्हणाली. "आपलं काही पेरलंय की काय शेतात?"

"नाही बुवा, सहज."

"तुमचं सहज मला ठाऊक आहे. काहीतरी शिजतंय."

बियांचा विचार माझ्या मनात आला नाही. कुणी विश्वास ठेवो न ठेवो, नाही आला. मला फक्त भिंत दिसत होती आणि त्या भिंतीपुढे उभे व्याहीबुवा. भिंतीच्या आत काय आहे हे बघायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

सातव्या आठवड्यात फोन आला. "अप्पा, येता का?" एवढंच म्हणाली आणि ठेवला. मी पिशवी भरली. ब्रश, पॉलिश पेपर, पटाशी, काठीचा आरसा. हिला म्हणालो, "बघ, शेवटी अप्पाच लागला." गुडघा दुखत होता तरी जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो.

बागेत गेलो. मागच्या भिंतीची खालची वीतभर फळी फुगून पानं सुटलेल्या जुन्या वहीसारखी झाली होती. रंग पापुद्र्यांनी लोंबत होता. अगदी मी मनात बघितलं होतं तसंच, जरासुद्धा फरक नाही. मी घसा साफ केला आणि आत पाऊल टाकलं.

आत मुलगी जमिनीवर बसली होती. तिच्याभोवती पुठ्ठ्याची खोकी. मागच्या भिंतीला टेकवून तिने ती एकावर एक रचली होती आणि खालची सगळी भिजली होती. घेवड्याच्या बियांना कोंब फुटले होते. काकडीच्या बियांवर पांढरी बुरशी. टोमॅटोची पाकिटं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता, पाकिटांवरची तिच्या अक्षरातली नावं विरघळून निळी झाली होती. वर्षभराचं बी. एकेक फळ झाडावर राखून, पाखरांपासून जपून, धुऊन, सावलीत वाळवून धरलेलं. आता पेरायचे दिवस आले होते, लोक मागायला लागले होते, आणि तिच्याकडे द्यायला हे कोंब.

व्याहीबुवा उलट्या बादलीवर बसले होते. मान खाली. मी ठरवली होती त्याच बाजूला.

"माझी चूक," ते म्हणाले. "मला जमत नव्हतं तर हात घालायला नको होता. मुकादमसाहेबांना आधीच बोलावायला हवं होतं."

हेच ऐकायला मी सहा आठवडे थांबलो होतो. मी आरशाची काठी पिशवीतून अर्धी बाहेर काढली.

"तुमची कशी चूक, बाबा?" मुलगी म्हणाली. "मी अप्पांकडून तपासून घेतल्याशिवाय एक खोकं आत आणलं नव्हतं. तुम्हाला मी तेव्हाच म्हटलं नव्हतं का, आपले अप्पा तोंडाने कधी छान म्हणणार नाहीत. ते फेरी मारून गप्प राहिले की समजायचं, काम पास. ते चहा झाला का म्हणाले आणि आपण दोघं किती हसलो होतो, आठवतं? त्याच संध्याकाळी मी सगळी खोकी आत लावली."

माझा हात काठीवर तसाच राहिला.

मग ती उठून माझ्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अप्पा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. ती बोळ अंधारी आहे, गुडघ्यामुळे तुम्हाला वाकताही आलं नसेल. वय होतं, नजर चुकते कधी कधी. मीच आरसा आणायला लावायला हवा होता." आणि तिने माझा दंड धरला, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडताना धरतात तसा.

तिने माझ्यासाठी पळवाट करून दिली होती. मी नुसती मान डोलवायची होती. वय झालं, दिसलं नाही, चुकलं. बागेतला कुणी मला दोष देणार नव्हता, उलट आतून चहा आला असता. मला माझ्या नजरेचा अभिमान, तोही आड आला नाही असं नाही म्हणणार. पण त्याहून मोठं म्हणजे, तिच्या डोळ्यांत माझी कीव होती आणि ती खोट्या गोष्टीसाठी होती. व्याहीबुवा तिकडे बादलीवर बसून ज्याचं ओझं वाहत होते ते निम्म्याहून जास्त माझं होतं.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"खालची कड कोरी आहे, ते मला त्या दिवशी दिसलं होतं. बोट फिरवून बघितलं होतं मी. दोन ठिकाणी."

"मग?" ती म्हणाली. "मग बोलला का नाहीत?"

"तू त्यांच्या नाकावरचा ठिपका पुसत होतीस," मी म्हणालो. मोठ्याने म्हटल्यावर ते इतकं पोरकट वाटलं की मला माझीच शिसारी आली. साठी उलटलेला माणूस मी.

तिने माझा दंड सोडला. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी तिला तसंच शिकवलं होतं. ती खाली बसली आणि कोंब आलेल्या बिया एकीकडे, न आलेल्या एकीकडे अशा निवडायला लागली. काही बोलली नाही. माझ्या आयुष्यात मी लोकांना किती वेळा हे न बोलणं दिलं होतं आणि ते घेऊन माणसं खुशीत गेली होती. मला मिळालं तेव्हा त्यात पास असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही. व्याहीबुवांनी आणि मी मिळून शेडवर ताडपत्री टाकली, फळी आठ दिवस वाळू दिली. खालची फुगलेली वीतभर पट्टी त्यांनी करवतीने कापून काढली, चारही बाजूंनी. कापणं त्यांचं सरळ आहे, माझ्याहून सरळ. मग मी जमिनीवर पाठ टेकून आडवा झालो आणि नव्या कडेला प्रायमर द्यायला लागलो. पहिला हात पातळ, लाकडाने पोटभर प्यावा म्हणून. तो वाळला की दुसरा. मग तिसरा. खालच्या मोकळ्या जागेत उताराची पत्र्याची पट्टी बसवायची होती, ती व्याहीबुवांनी वाकवून ठेवली होती. आम्ही दोघं कामापुरतं बोलायचो. त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही, माझ्याकडे रागाने बघितलं नाही, आणि मला त्याचाही हेवा वाटला. असा माणूस कुणालाही बाबा वाटेल.

मुलगी रोज चहा आणून ठेवायची आणि जायची. "अप्पा" एवढी हाकसुद्धा नाही. उरलेलं बी तिने घरात नेऊन पलंगाखाली ठेवलं होतं. शेडच्या आत ती पाऊल टाकत नव्हती.

तिसरा हात वाळला त्या दुपारी मी तिला हाक मारली. "बघून घे," म्हणालो, आणि काठीचा आरसा तिच्यापुढे धरला. लहानपणी तिच्या खांद्याला लागायची ती काठी.

तिने आरसा घेतला. हातात फिरवून बघितला. मला वाटलं, आता वाकेल. पण ती वळली आणि तो तिने व्याहीबुवांच्या हातात दिला.

"बाबा, तुम्ही बघा," ती म्हणाली. "तुम्हाला दिसेल ते मोठ्याने सांगा."

व्याहीबुवा कसनुसे झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग ते गुडघ्यांवर बसले, चष्मा वर सरकवला आणि आरसा कडेखाली धरून एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. पुढची भिंत झाली. दोन्ही बाजू झाल्या. ते मागच्या बोळीत शिरले तेव्हा मला नुसता आरशाचा कवडसा कुंपणावर सरकताना दिसत होता. तो शेवटच्या कोपऱ्याशी जाऊन थांबला, आणि बराच वेळ हलला नाही.

आता हा माणूस गप्प राहणार, मला वाटलं. सज्जन आहे, मला सांभाळून घेईल. नका गप्प राहू हो, मी मनात म्हणत होतो.

"मुकादमसाहेब," बोळीतून आवाज आला, चार घरं पलीकडे ऐकू जाईल असा. "या कोपऱ्यात चार बोटं राहिलंय!"

मुलगी माझ्याकडे बघत उभी होती.

"आलो," मी म्हणालो, आणि ब्रश घेऊन बोळीत शिरलो. तिथे माझा गुडघा वळत नव्हता म्हणून हात पोचला नव्हता. चार बोटं खरंच राहिली होती. व्याहीबुवांनी आरसा धरला आणि मी ती रंगवली.